वायरलेससाठी ३० मीटर वायर

"पाय जपून, वायर आहे" हे वाक्य मी आजवर किती वेळा बोललो असेन, त्याची मोजदाद नाही. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये मला २२ वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं मी कॅमेऱ्यामागे नव्हतोच, केबलमागे होतो. कॅमेरामन पुढे, मी हातात वेटोळं घेऊन मागे. तो दोन पावलं सरकला की दोन हात वायर सोडायची, परतला की गोळा करायची. नऊवारीतल्या आज्या, पळापळी करणारी पोरं, बादली घेऊन धावणारे वाढपी, सगळ्यांच्या पायांतून ती वाचवायची. एका लग्नात खुद्द वरमाईच अडकून पडल्या. लागलं नाही फारसं, पण त्या घरच्या धाकट्या मुलाच्या लग्नाचं काम आमच्याकडे आलं नाही.

आता नागपुरात लॉनवर एलईडी वॉल नसेल तर लोकांना लग्नात आल्यासारखं वाटत नाही. स्टेजच्या बाजूला भिंत उभी आणि तिच्यावर आमच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र. स्टेजसमोरचे दोन कॅमेरे हलले तर चार फूट हलतात, त्यांना केबल चालते. अडचण तिसऱ्याची. नवरदेव गेटवर घोड्यावरून उतरतो, ते आत सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांना भिंतीवर दिसलं पाहिजे, ही मागणी आता प्रत्येक पार्टी करते. गेट स्टेजपासून ६०-७० मीटर. वरातीतून तेवढी केबल ओढायची म्हणजे घोड्याच्याच पायात द्यायची.

म्हणून गेल्या हिवाळ्यात बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, ओळखीच्या दुकानदाराकडून वायरलेस व्हिडिओचा एक वापरलेला सेट घेतला. कॅमेऱ्यावर लावून चित्र सोडणारा एक ट्रान्समीटर, भिंतीकडे ठेवून ते पकडणारा एक रिसीव्हर. नवा घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण जी गोष्ट आपल्याला वापरता येईल की नाही याचीच खात्री नाही, ती नवी कशाला घ्या?

या सेटचे ढोबळ मानाने दोन प्रकार असतात. एकात चित्र जवळजवळ न दाबता, आहे तसं हवेत सोडतात. टेराडेक कंपनीचे बोल्ट सेट या जातीचे. त्यांतली चिप इस्रायलच्या ॲमिमॉन कंपनीची, आणि चित्र पोचायला लागणारा उशीर १ मिलिसेकंदापेक्षाही कमी. सिनेमाच्या सेटवर मॉनिटर पाहून फोकस सांभाळणाऱ्याला तेच लागतं. दुसऱ्या प्रकारात चित्र एच.२६४ सारख्या पद्धतीने दाबून, वाय-फायच्या भावकीतल्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर पाठवतात. चित्र साधारण ८० मिलिसेकंद मागे राहतं, पण किंमत लग्नवाल्याला झेपते. माझा सेट अर्थातच दुसरा. खोक्यावर लिहिलं होतं, ४०० फूट. ही ४०० फुटं कुठे मोजतात ते मला पुढे कळलं. जिथे माणूस नाही, झाड नाही आणि लग्न तर नाहीच नाही, तिथे.

पहिली चाचणी घरातच, मानेवाड्याला. माझा भाचा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो आणि सीझनमध्ये माझ्याकडे कॅमेरा धरतो. मी सवयीने आधी बॅटरी लावायला गेलो, तर तो ओरडलाच, "मामा, थांबा! अगोदर अँटेना लावा." अँटेना न लावता ट्रान्समीटर चालू केला तर बाहेर जायला वाट न मिळालेली शक्ती उलटी फिरते आणि आतला ॲम्प्लिफायर दुखावू शकतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आधीच्या मालकाने पाळलं होतं की नाही कुणास ठाऊक. दोन काड्या ट्रान्समीटरला, दोन रिसीव्हरला, हाताने पिळून घट्ट. पान्याने नाही.

दोन्ही डबे चालू केले. जोडणी, म्हणजे पेअरिंग, सोपी निघाली. दोन्हीकडचं बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकायचा थांबला की झालं. दिवा थांबला. टीव्हीवर मात्र काळंकुट्ट.

मी केबल बदलली, बॅटरी बदलली, डबे जवळ आणले. इतके जवळ की एकमेकांना चिकटले. त्याने उलट बिघडतं, हे नंतर कळलं. कानाशी येऊन ओरडणाऱ्याचं जसं काही समजत नाही तसंच. दोन-तीन मीटर अंतर तर हवंच. तास गेला. शेवटी दोष सापडला तो कॅमेऱ्यात. माझा कॅमेरा एचडीएमआयमधून ४के सोडत होता आणि हा सेट १०८०, म्हणजे फुल एचडी, च्या वरचं काही घेतच नाही. मेनूत जाऊन आउटपुट १०८०पी, ५० फ्रेम केलं आणि टीव्हीवर आमच्या स्वयंपाकघराचा दरवाजा दिसला.

४के गेलं म्हणून मला क्षणभर वाईट वाटलं. मग एलईडीवाल्याकडची भिंत आठवली. ५०० मिलिमीटरचे चौकोनी पॅनल, ठिपक्याठिपक्यात ३.९१ मिलिमीटर अंतर, म्हणजे एका पॅनलमध्ये १२८ गुणिले १२८ ठिपके. आठ पॅनल आडवे, पाच उभे लावले की ४ मीटर बाय अडीच मीटरची भिंत होते आणि तिच्यात सगळे मिळून १०२४ गुणिले ६४० ठिपके. तिथे ४के पाठवणं म्हणजे वाटीभर भातावर हंडाभर वरण. आणि ५० फ्रेम यासाठी की आपली वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की मंडपातले दिवे चित्रात फडफडत नाहीत. भाचा मोबाइलच्या सवयीने ६० वर जातो. त्याला दर लग्नात सांगावं लागतं.

आणखी एक बटण लक्षात ठेवायचं, माहिती-पट्टी बंद करण्याचं. नाहीतर कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं सगळं हवेतून जसंच्या तसं जातं. ओळखीतल्या एकाच्या लग्नात नवरीच्या चेहऱ्यावर फोकसचा हिरवा चौकोन आणि कोपऱ्यात लाल बॅटरी, असं चित्र अर्धा तास अडीच मीटर उंच झळकत होतं. पाहुण्यांपैकी एकाने येऊन विचारलं म्हणे, "हे स्कॅन कायचं चालू आहे?"

मग मैदानी चाचणी. आमच्या लेआऊटमध्ये, म्हणजे वसाहतीत, एक मोकळी जागा आहे, कडेने कडुलिंबाची झाडं. रिसीव्हर आणि छोटा मॉनिटर गच्चीच्या कठड्यावर ठेवला, बायकोला तिथे उभं केलं आणि आम्ही दोघं खाली कॅमेरा घेऊन चालायला लागलो. वरून तिचं सुरू, "आलं... आलं... गेलं. आलं. गेलं!"

मला हसूच आलं. लहानपणी हेच उलटं होतं. सेमिनरी हिल्सच्या टीव्ही टॉवरकडे तोंड करून कौलांवर अँटेना बांधलेला, मी वर तो फिरवतोय आणि खालून आई, बाबा, शेजारची चार घरं ओरडताहेत, "आलं, आलं, थांब! गेलं." फरक एवढाच की तेव्हा चित्र जाण्याआधी सांगून जायचं. आधी थोड्या मुंग्या, मग दाट मुंग्या, मग मुंग्यांतून कसाबसा दिसणारा बातम्या देणारा माणूस. तुम्हाला सावरायला वेळ मिळायचा. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. चित्र शेवटच्या पावलापर्यंत लख्ख असतं, आणि पुढच्या पावलाला काळं. विहिरीच्या काठावरून चालल्यासारखं. गोठलेला एखादा चौकोन दिसला तर दिसला, तोही पापणी लवेपर्यंत. म्हणून मी एक सवय लावून घेतली: चित्र छान दिसतंय यावर विश्वास ठेवायचा नाही, रिसीव्हरवरच्या सिग्नलच्या कांड्या पाहायच्या. दोन कांड्यांवर आलं की चित्र कितीही सुंदर असो, तुम्ही काठावर आहात.

मोजणी अशी झाली. समोरासमोर, मध्ये काही नाही: मैदान संपलं, चित्र चालूच. भाच्याने पाठ फिरवली आणि कॅमेरा छातीशी धरला, म्हणजे मध्ये फक्त त्याचं शरीर आलं: ४० पावलांवर बंद. एका माणसाने एवढं? पण माणसात निम्म्याहून जास्त पाणीच, आणि या लहरी पाण्याला पाहून बसकण मारतात. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर अन्नातल्या पाण्यालाच तापवतो, आमचा सेट त्याच्या दुप्पटीहून थोडा वर. लिंबाच्या फांद्यांआडही तसंच, आणि सकाळी झाडांना पाणी मारलेलं असेल तर जास्तच.

काड्यांचंही एक गणित कळलं. मी त्या बंदुकीसारख्या गेटकडे रोखून ठेवत होतो. चूक. काडीच्या टोकातून जवळजवळ काहीच निघत नाही, जे निघतं ते तिच्या अंगातून, चारही बाजूंना. दोन्हीकडच्या काड्या उभ्या ठेवायच्या, फार तर थोड्या फाकवायच्या. २२ वर्षं मी टोक रोखायच्या धंद्यात असल्याने ही गोष्ट डोक्यात बसायला वेळ लागला.

पहिलं खरं काम लागलं मे महिन्यात, काटोल रोडवरच्या एका लॉनवर. मुहूर्त संध्याकाळचा, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर आलेला. आम्ही ४ वाजता पोचलो तेव्हा हिरवळीवरून वाफा निघत होत्या आणि बिछायतवाल्याची माणसं डोक्याला दुपट्टे बांधून झालरी लावत होती. स्टेज लॉनच्या पश्चिम टोकाला, गेट पूर्वेला, मध्ये ७० एक मीटर. एलईडी वॉल स्टेजच्या डाव्या हाताला आणि आमचं मिक्सिंगचं टेबल, जिथून कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र भिंतीवर जाईल ते ठरतं, भिंतीच्या मागे, कारण एलईडीचा प्रोसेसर तिथे, वीज तिथे, आणि लोकांच्या नजरेआडही तिथेच. स्टेज आणि भिंत यांच्यामध्ये साधारण ८ फुटांची फट होती. टेबलाजवळून त्या फटीतून सरळ गेट दिसत होतं. मी रिसीव्हर ६ फुटी स्टँडवर लावून तिथेच उभा केला.

५ वाजता भाचा गेटवर गेला. चित्र एकदम काचेसारखं. पाच कांड्या. घोडागाडीवाला, गेटवरचा फुलांचा कमान-कारागीर, उसाच्या रसाची गाडी, सगळं भिंतीवर. एलईडीवाला पोरगा म्हणाला, "भाऊ, एक नंबर!" मी खिशातून सुपारी काढली. इथेच मी निर्धास्त झालो, आणि रिकाम्या लॉनवर निर्धास्त होणं हाच मूर्खपणा.

साडेसहाच्या सुमाराला एक वयस्कर पाहुणे टेबलाशी येऊन बसले. टेलिफोन खात्यातून निवृत्त. सगळं निरखून झाल्यावर म्हणाले, "याले लायसन नाही लागत काय?" एके काळी घरच्या रेडिओलाही पोस्टातून लायसन काढावं लागे, त्या काळातला माणूस तो. मी सांगितलं की नाही लागत. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झमधले पट्टे वाय-फायसारख्या उपकरणांसाठी परवानामुक्त केले, ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एकूण ६०५ मेगाहर्ट्झची मोकळी जागा. त्यांनी मान हलवली आणि एक अगदी खात्यातला प्रश्न विचारला, "म्हणजे कोणी मध्ये घुसलं त तक्रार कोणाकडे करान?"

कोणाकडेच नाही. फुकटच्या जागेत सगळे सारखे. तेव्हा मी हसलो. साडेसातला हसू गेलं.

चित्र अधूनमधून अडखळायला लागलं. गोठायचं, दोन सेकंदांनी पुढे उडी मारायचं. नवरदेव अजून दूर, भाचा गेटवर पाहुण्यांचं स्वागत दाखवत होता, म्हणून लाज थोडक्यात राहिली. रिसीव्हरमध्ये चॅनल, म्हणजे लहरींच्या वेगवेगळ्या गल्ल्या, तपासायची सोय आहे, ती चालवली. दुपारी जिथे सगळं शांत होतं तिथे आता गर्दी. ज्यावर आम्ही होतो त्याच चॅनलवर दुसरं कोणीतरी ठाण मांडलेलं. ३०० पाहुण्यांचे मोबाइल आणि त्यांतले काही हॉटस्पॉट हा एक भाग, पण हे त्याहून जोरकस होतं. मुहूर्ताचा दिवस, त्या रस्त्यावर लॉनला लॉन लागून. मला शंका आली आणि मी कुंपणाच्या कडेने शेजारच्या लॉनमध्ये गेलो.

तिथल्या मिक्सिंगच्या टेबलावर बरोबर आमच्यासारखाच डबा. मागे बसलेला माझ्याच वयाचा, घामाघूम, हातात एचडीएमआय केबल. तो अर्ध्या तासापासून केबल बदलत बसला होता.

"तुमचं पण अडकून राह्यलं काय?" मी विचारलं.

"सकाळपासून बरोबर होतं ना भाऊ. ही वायरच खराब दिसते."

वायर नव्हती, मी होतो. आणि माझ्याकडे तो होता. दोन मिनिटांत तह झाला: तो खालच्या टोकाच्या चॅनलवर, मी वरच्या. आपोआप चॅनल निवडायची सोय दोघांनीही बंद करायची, नाहीतर डबे रात्रभर एकमेकांच्या मागे पळतील. मोबाइल नंबर घेतले. त्याने आग्रहाने पन्ह्याचा ग्लास हातात दिला. परत येईपर्यंत चित्र सरळ झालं होतं.

खरी फजिती सव्वाआठला झाली. बँडचा आवाज रस्त्यावर ऐकू यायला लागला, वरात १०० मीटरवर आली, आणि भिंत काळी. अडखळणं नाही, गोठणं नाही, सरळ काळोख. कांडी एकही नाही. मी आधी शेजाऱ्याला फोन केला. तो बिचारा म्हणाला, मी हात नाही लावला. चॅनल पाहिला, मोकळा. बॅटरी पाहिली, अर्धी भरलेली. भाच्याला फोन, "ट्रान्समीटर चालू आहे काय बे?" "चालू आहे मामा, दिवा दिसून राह्यला." अँटेना? घट्ट. नवरीचे काका टेबलाशी येऊन उभे, काही न बोलता. न बोलणारे काका बोलणाऱ्यांपेक्षा वाईट.

मग मी ते केलं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. रिसीव्हरच्या मागे उभा राहून, त्याच्या उंचीवर डोळे आणून, गेटकडे पाहिलं. गेट दिसेना. स्टेज आणि भिंतीमधल्या त्या ८ फुटांच्या फटीत जम्बो कूलर उभा होता. पुरुषभर उंचीचा, लोखंडी पत्र्याचा, तीन बाजूंना भिजलेल्या ताट्या, खाली पाण्याने भरलेली टाकी. पत्रा लहर परतवतो, पाणी ती पिऊन टाकतं. मुद्दाम अडवायचं म्हणून कुणी यंत्र बनवलं असतं तर यापेक्षा चांगलं बनलं नसतं. तो ८ च्या सुमाराला आणून ठेवला होता, पुढच्या सोफ्यांवरच्या मंडळींना हवा लागावी म्हणून. त्या गर्मीत त्याचं काही चुकलं असं मीही म्हणणार नाही.

कूलरवाल्याला शोधलं. तो पाण्याचा पाइप धरून उभा. म्हटलं, दादा, हा ५ फूट सरकवा. त्याने माझ्याकडे, मग सोफ्यांकडे पाहिलं. "कूलर हलवला त नवरीचा बाप मले हलवन."

बरोबर होतं त्याचं. तेव्हा मीच हलायचं ठरलं. स्टेजच्या उजव्या बाजूला लाइटवाल्याचा एक रिकामा ११ फुटी स्टँड होता, तो मागून घेतला. रिसीव्हर त्याच्या टोकाला आवळला, बॅटरी तिथेच मागे लावली, पायाला वाळूची पिशवी टाकली, कारण मे महिन्यात संध्याकाळी वावटळ कधी उठेल सांगता येत नाही. आता तो कूलरच्या, लोकांच्या, फुलांच्या कमानीच्या, सगळ्यांच्या वर होता. पण टेबल तर भिंतीच्या मागे, स्टेजच्या पलीकडे! एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही. रिसीव्हरला एसडीआयचं, म्हणजे लांबवर चालणाऱ्या व्हिडिओ केबलचं, तोंड होतं आणि गाडीत जुन्या दिवसांतलं एसडीआय केबलचं ३० मीटरचं वेटोळं पडलं होतं. ते स्टेजच्या मागून ओढलं, जागोजागी टेपने चिकटवलं. वायरपासून सुटका म्हणून एवढे पैसे घातले आणि आता मी ३० मीटर वायर घेऊन अंधारात ओणवा पळतोय. स्टेजमागे एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"आजी, पाय जपून, वायर आहे."

वेळ मिळाला तो वरातीतल्या नाचणाऱ्यांमुळे. ते १०० मीटर चालायला त्यांनी २५ मिनिटं घेतली. विदर्भातल्या वरातीतला नाच हा गुरुजींचा शत्रू असेल, व्हिडिओवाल्याचा सख्खा भाऊ आहे. नवरदेव गेटवर आला तेव्हा भिंतीवर चार कांड्यांचं चित्र होतं. घोडा, तलवार, मुंडावळ्या, सासूबाईंच्या हातातलं औक्षणाचं ताट. सोफ्यांवरून शिट्ट्या आल्या. काका निघून गेले, तेही न बोलताच.

नंतर जेवताना, पाटोडी-रश्श्यावर, भाच्याने उंचीचं कारण समजावलं. लहर दोरीसारखी बारीक जात नाही. दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली, काकडीसारखी जागा तिला लागते. त्या जागेला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झची लहर साधारण ५ सेंटिमीटरची, त्यामुळे ७० मीटरच्या अंतरात मधोमध या काकडीची त्रिज्या जवळपास १ मीटर भरते. म्हणजे रिसीव्हर ६ फुटांवर आणि कॅमेरा ५ फुटांवर असेल, तर लॉनच्या मध्यावर काकडीचा खालचा निम्मा भाग लोकांच्या डोक्यांतून आणि छात्यांतून जातो. डोळ्याला गेट दिसत असलं तरी. दुपारी डोकी नव्हती, म्हणून पाच कांड्या. माझ्या भाषेत सांगायचं तर वायर गेलेली नाही, ती फक्त दिसेनाशी झाली आहे आणि मांडीएवढी नाही, मंडपाच्या खांबापेक्षाही कितीतरी जाड झाली आहे. जमिनीवरच्या वायरला लोक निदान ओलांडून जातात. हिच्यात तर कूलर आणून ठेवतात.

उशिराबद्दल मात्र मी उगाच घाबरलो होतो. सेटचे ८० मिलिसेकंद, मिक्सरची एक-दोन फ्रेम, एलईडीच्या प्रोसेसरची एक-दोन, सगळं मिळून सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद चित्र मागे. मंगलाष्टकांना भाचा कॅमेरा घेऊन स्टेजवर चढला होता. गुरुजींचे ओठ आणि भोंग्यातला आवाज जुळणार नाही ही धास्ती होती. टेबलाजवळच्या मॉनिटरवर ते जुळतही नव्हतं. पण मी मागे, जेवणाच्या रांगेपाशी जाऊन पाहिलं तर अगदी बरोबर! आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर चालतो. स्टेजजवळच्या स्पीकरपासून ४०-५० मीटरवर उभ्या माणसापर्यंत पोचायला त्यालाच सव्वाशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. दोघंही सारखेच लेट, म्हणून वेळेवर. पुढच्या सोफ्यांवर जुळत नसणार, पण तिथे बसलेले भिंतीकडे कशाला पाहतील? नवरानवरी समोर होती.

रात्री साडेबाराला सामान आवरलं. ट्रान्समीटर इतका तापला होता की रुमालाने धरावा लागला. भाच्याने घामाने भिजलेला दुपट्टा त्याच्यावर टाकला होता, ऊन लागू नये म्हणून संध्याकाळी टाकलेला, तो काढायचाच राहिला होता. नेमका हवेच्या जाळीवर. त्यावरून थोडं बोललो त्याला.

त्यानंतर त्याच लॉनवर जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा काम आलं. ४ वाजता मी गाडीतून ११ फुटी स्टँड उतरवत होतो. हा मी आता स्वतःचा घेतला आहे. कूलरवाला दुरून पाहत होता. पाइप खाली ठेवून जवळ आला.

"भाऊ, तुमची हवा कुठून जाते ते आधीच सांगून द्या. मग मी माझी लावतो."

मी त्याला गेटपासून स्टँडच्या टोकापर्यंत हात फिरवून दाखवलं. त्याने मान वर करून बराच वेळ तिथे पाहिलं, जणू काही दिसतंय, आणि कूलर उजवीकडे घ्यायला पोरांना हाक मारली.